अनोळखी बॅटऱ्यांचे व्होल्टेज, किरचॉफ आणि उणे आलेलं उत्तर

तांब्याची_तार | शुक्रवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शिक्षण आयटीआय. लेक बारावी सायन्सला आहे. आज तिचं एक गणित अडलं आणि मलाही सोडवता आलं नाही, म्हणून धागा काढतोय.

चित्र शब्दांत सांगतो. वर एक बिंदू अ, खाली एक बिंदू ब. दोघांच्या मध्ये तीन उभ्या शाखा.

डावी शाखा: २४ व्होल्टची बॅटरी, तिचा अंतर्गत रोध १ ओहम, तिच्या जोडीला ७ ओहमचा रोध.
मधली शाखा: ई१ नावाची बॅटरी, अंतर्गत रोध १ ओहम, जोडीला ३ ओहम.
उजवी शाखा: ई२ नावाची बॅटरी, अंतर्गत रोध १ ओहम, जोडीला ५ ओहम.

तिन्ही बॅटऱ्यांचं अधिक टोक चित्रात वरच्या बाजूला, म्हणजे अ कडे दाखवलंय. डाव्या शाखेतून २ अँपिअर वर जातात, मधल्या शाखेतून ३ अँपिअर खाली येतात. ई१ आणि ई२ काढा, एवढाच प्रश्न.

लेकीचं पहिलं उत्तर ई१ = −४ व्होल्ट आणि ई२ = १४ व्होल्ट असं आलं. क्लासच्या उत्तरपत्रिकेत नुसतं "४ व्होल्ट, १४ व्होल्ट" छापलंय. तिला वाटलं आपलं चिन्ह चुकलं. तिनं ते खोडलं, एका ठिकाणी अधिकचं उणे केलं, तर उत्तर २० आलं. मग परत खोडलं. साडेनऊपर्यंत खोडरबर चालू होतं. वहीचा कागद इतका झिजलाय की मागच्या पानावरची अक्षरं दिसतात. शेवटी "बाबा, मला हे जमणारच नाही" म्हणून झोपली.

मला विचारायचंय ते हे: −४, ४ आणि २० यांतलं खरं कोणतं? आणि बॅटरीचा व्होल्टेज उणे असतो का?

---

खडू_फळा | शुक्रवार, रात्री ११:३५

तांब्याची_तार, लेकीला सकाळी उठल्या उठल्या सांगा की तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं. मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. चांगली मुलं नेमकी याच जागी स्वतःचं बरोबर उत्तर खोडतात, हे मी दर वर्षी पाहिलंय.

आता सावकाश बघू.

किरचॉफचा पहिला नियम जोडबिंदूचा: बिंदूत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर जाते. अ मध्ये डावीकडून २ अँपिअर येतात आणि मधल्या शाखेतून ३ अँपिअर निघून जातात. उरलेला १ अँपिअर उजवीकडून आलाच पाहिजे. म्हणजे उजव्या शाखेत १ अँपिअर वर जातोय. गणितात हा दिलेला नव्हता, तो तुमच्या लेकीनं काढला असणार, नाहीतर १४ आलेच नसते.

दुसरा नियम बंद लूपचा. घाटातून गाडी नेऊन पुन्हा निघालो त्याच जागी आलो, तर जेवढा चढ चढलो तेवढाच उतार उतरलो. विभवाचं (विजेच्या पातळीचं, जी व्होल्टमध्ये मोजतात) तसंच. फक्त चढ कधी आणि उतार कधी, हे दोन ओळींत पक्कं करायचं:

रोधातून धारेच्या दिशेनं चाललात तर उतार, धारेच्या विरुद्ध चाललात तर चढ.
बॅटरीतून उणे टोकाकडून अधिक टोकाकडे गेलात तर चढ, उलट गेलात तर उतार. इथे धारा कुठे चाललीय हे बघायचंच नाही.

ही दुसरी ओळ तीन वेळा वाचायला सांगा. आणि २० जन्माला येतो तो पहिल्या ओळीत, रोधाचं चिन्ह चुकलं की.

ब पासून निघू. डाव्या शाखेनं वर जाऊ आणि मधल्या शाखेनं खाली येऊ. डावीकडे बॅटरी चढलो: +२४. रोध एकूण ७ + १ = ८ ओहम, धारेच्या दिशेनं चाललोय, म्हणून −२ × ८ = −१६. आता आपण अ वर आहोत, ब पेक्षा ८ व्होल्ट उंचावर. मधल्या शाखेनं खाली उतरताना धाराही खालीच येतेय, रोध ३ + १ = ४, म्हणून −३ × ४ = −१२. आणि बॅटरी अधिक टोकाकडून उणे टोकाकडे ओलांडली, म्हणून −ई१.

२४ − १६ − १२ − ई१ = ०, म्हणून ई१ = −४.

डावीकडून वर आणि उजवीकडून खाली: +२४ − १६, मग उजव्या शाखेत धारेच्या विरुद्ध चालतोय म्हणून +१ × ६, शेवटी −ई२.

२४ − १६ + ६ − ई२ = ०, म्हणून ई२ = १४.

उणे चार याचा अर्थ बॅटरी ४ व्होल्टचीच आहे, फक्त चित्रात दाखवली त्याच्या उलटी जोडलीय. तिचं अधिक टोक ब कडे आहे. चित्र काढणाऱ्यानं दिशा गृहीत धरली आणि समीकरणानं ती दुरुस्त केली. परीक्षेत असं लिहावं: "ई१ = −४ व्होल्ट, म्हणजे घटाचं अधिक टोक ब कडे." उत्तरपत्रिकेत नुसतं ४ छापणं मला अपुरं वाटतं, त्यानं मुलांचं असं नुकसान होतं.

---

सोल्डरगन | शनिवार, सकाळी ७:१०

सर, सुंदर समजावलंत. माझी एक भर.

२० बरोबर की −४ हे उत्तरपत्रिका न बघता ठरवता येतं. शक्तीचा हिशोब मांडायचा. बॅटऱ्यांनी दिलेले वॉट आणि रोधांत उष्णता होऊन गेलेले वॉट जुळले पाहिजेत.

रोधांतला खर्च: डावीकडे २ × २ × ८ = ३२, मधे ३ × ३ × ४ = ३६, उजवीकडे १ × १ × ६ = ६. एकूण ७४ वॉट.

जमा: २४ व्होल्टची बॅटरी २ अँपिअर देते, ४८ वॉट. ई२ १४ व्होल्टची, १ अँपिअर देते, १४ वॉट. मधली बॅटरी उलटी आहे, अधिक टोक खाली आणि धाराही खालीच बाहेर पडतेय, म्हणजे तीही देतेच आहे: ४ × ३ = १२ वॉट. एकूण ७४. जुळलं.

आता २० धरून बघा. अधिक टोक वर आणि धारा वरून आत शिरतेय, म्हणजे ती बॅटरी चार्ज होतेय, ६० वॉट खातेय. मग खर्च ७४ + ६० = १३४ आणि जमा फक्त ४८ + १४ = ६२. बाकीचे ७२ वॉट कुठून आणायचे?

मी पीसीबी (सर्किट बोर्ड) डिझाइनमध्ये आहे, आणि आजही हातानं सोडवलेल्या प्रत्येक सर्किटच्या शेवटी हा जमाखर्च लिहिते. चिन्हाची चूक त्यात लपत नाही.

आणि लूपऐवजी मी सरळ असा विचार करते: अ हा ब पेक्षा किती वर आहे? डाव्या शाखेवरून ८ व्होल्ट हे लगेच कळतं. मग तेच ८ व्होल्ट बाकी दोन्ही शाखांच्या टोकांवर आहेत. मधली: ई१ + १२ = ८. उजवी: ई२ − ६ = ८. दोन ओळींत गणित संपलं.

---

खडू_फळा | शनिवार, सकाळी ८:०५

सोल्डरगन, पद्धत झकास आहे आणि इथे ती खरंच लवकर संपते. पण बारावीच्या मुलाला आधी लूपनंच चालू द्यावं असं माझं ठाम मत आहे. एकेक पाऊल टाकत चिन्ह लिहायची सवय लागली की नंतर कोणतीही पद्धत घेता येते. शक्तीच्या हिशोबाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. मी वर्गात तो पुरेसा करून घेतला नाही, आता वाटतं घ्यायला हवा होता.

---

बारावी_अ | शनिवार, सकाळी ९:२०

मीपण बारावीलाच आहे. एक शंका. या चित्रात लूप तीन आहेत: डावा-मधला, मधला-उजवा आणि बाहेरचा मोठा. मग समीकरणं तीन मिळायला हवीत ना? मी तीन लिहिली आणि सोडवायला गेले तर शेवटी ० = ० आलं.

---

सोल्डरगन | शनिवार, सकाळी ९:४५

० = ० आलं म्हणजे तुझी तिन्ही समीकरणं बरोबर आहेत. :)

डावा-मधला लूप आणि मधला-उजवा लूप यांची बेरीज करून बघ. पहिल्यात मधल्या शाखेनं आपण खाली येतो, दुसऱ्यात तिनंच वर जातो. बेरजेत मधली शाखा पूर्ण कटते आणि उरतो तो बाहेरचा लूप. तिसऱ्या समीकरणानं नवीन काही सांगितलंच नाही. गावात दोघांनी मिळून सांगितलेली गोष्ट तिसऱ्यानं पुन्हा सांगावी तसं.

स्वतंत्र लूप किती, याचं सूत्र: शाखा वजा जोडबिंदू अधिक एक. इथे ३ − २ + १ = २. म्हणून धारा आणि रोध माहीत असताना या सर्किटमधून दोनच अज्ञात व्होल्टेज निघू शकतात. गणित बनवणाऱ्यानं २४ मुद्दाम दिलेत ते यासाठी.

---

नेकरकाठी | शनिवार, दुपारी १:१५

धागा वाचून राहवलं नाही. मी जर्मनीत हायडेलबर्गला राहतो. किरचॉफ १८५४ मध्ये याच गावात प्राध्यापक म्हणून आले. इथे रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्याबरोबर त्यांनी ज्योतीच्या वर्णपटातून १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधलं.

पण आपले हे दोन नियम त्याच्या बरेच आधीचे, १८४५ चे. तेव्हा किरचॉफ क्योनिग्सबर्गमध्ये विद्यार्थी होते, वय २१. ओहमचा नियम (व्होल्टेज = धारा × रोध) येऊन १८ वर्षं झाली होती, पण तो एका सरळ वाटेपुरता. फाटे फुटलेल्या सर्किटला काय करायचं, याचं उत्तर या विद्यार्थ्यानं फ्रान्झ नॉयमन यांच्या हाताखाली शिकताना दिलं. तांब्याची_तार, हे लेकीला जरूर सांगा. तिच्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा होता.

बारावी_अ ला जो प्रश्न पडला, म्हणजे किती लूप मोजायचे, तो किरचॉफनी १८४७ च्या लेखात सोडवला. सर्किटमधल्या काही शाखा अशा काढून टाकायच्या की एकही लूप उरू नये, पण सगळे बिंदू जोडलेलेच राहावेत. जितक्या शाखा काढाव्या लागल्या तितके स्वतंत्र लूप. आपल्या चित्रात तीनपैकी दोन शाखा काढल्या की एकच उभी वाट उरते. म्हणून दोन.

मला यात एक गोष्ट फार आवडते. गणितज्ञ ऑयलर यांनी १७३६ मध्ये सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे फिरता येतील का) सोडवलं ते याच क्योनिग्सबर्गच्या पुलांचं. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा यांचं गणित तिथून सुरू झालं, आणि शंभरेक वर्षांनी त्याच गावातल्या मुलानं ते विजेच्या वाटांना लावलं. आज ते शहर रशियात आहे, नाव कालिनिनग्राड.

---

तांब्याची_तार | शनिवार, दुपारी ३:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी तिला सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिनं स्वतः फोन हातात घेऊन परत वाचला. मग वही उघडली आणि त्या झिजलेल्या पानाच्या बाजूच्या कोऱ्या पानावर सगळं पेननं लिहिलं. ७४ = ७४ ला दोनदा चौकट केली.

मग जेवताना तिनं मला विचारलं, "बाबा, २४ पण दिले नसते तर? तिन्ही बॅटऱ्या अनोळखी, पण तिन्ही धारा मोजलेल्या. तरी निघणार नाही का?" मी म्हटलं सोल्डरगनताईंनी दोनच निघतात असं लिहिलंय. तर म्हणाली, "का नाही निघत, ते मला दिसत नाहीये." मलाही दिसत नाहीये.

---

सोल्डरगन | शनिवार, सायंकाळी ५:००

या प्रश्नासाठी मी तिला शाबासकी देईन. हेच दिसलं पाहिजे.

तिन्ही बॅटऱ्यांत ५-५ व्होल्ट वाढवा. २४ च्या २९, −४ चा +१, १४ चे १९. आता धारा तपासा. २, ३ आणि १ च ठेवून बघू: डावी शाखा, २९ − १६ = १३. मधली, १ + १२ = १३. उजवी, १९ − ६ = १३. तिन्ही शाखा म्हणतात की अ हा ब पेक्षा १३ व्होल्ट वर आहे. कुणाचंच भांडण नाही. म्हणजे धारा जशाच्या तशा, तरी बॅटऱ्या पूर्ण वेगळ्या! मधली तर आता सुलटी झाली.

गच्चीवर तीन पाण्याच्या टाक्या आहेत आणि त्यांचे पाइप खाली एकमेकांना जोडलेत, असं समजा. कोणत्या टाकीतून कुठे किती पाणी वाहील, हे टाक्यांच्या पातळीतल्या फरकावर ठरतं. सगळ्या टाक्या एका मजल्यानं वर उचलल्या तर पाइपांतलं वाहणं बदलत नाही. पाइपांतलं पाणी मोजून इमारत किती मजली ते कळणार नाही.

अँमीटर फक्त फरक सांगतो. म्हणून कुठेतरी एक व्होल्टेज माहीत हवा: एक ओळखीची बॅटरी, नाहीतर अ आणि ब मध्ये लावलेला एक व्होल्टमीटर. तो एक आकडा मिळाला की तिन्ही सुटतात.

---

बॅटरीवाला_कराड | शनिवार, रात्री ८:४०

मी पुस्तकी माणूस नाही, ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं काम करतो. पण हा धागा माझ्या रोजच्या कामाचा निघाला.

पुष्कळ लोक इन्व्हर्टरला बॅकअप वाढवायचा म्हणून जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरीला नवी बॅटरी पॅरलल लावतात. काही महिन्यांनी येतात, नवीपण बसली म्हणून. मी तपासताना जोडलेल्या अवस्थेत मीटर लावला की दोन्हींवर एकच आकडा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, बघा दोन्ही सारख्याच आहेत. आतून त्या सारख्या नसतात, हे मला अनुभवानं माहीत आहे, पण समजावता येत नाही. कुणी आकड्यात मांडेल का?

---

खडू_फळा | शनिवार, रात्री ९:५०

बॅटरीवाला, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. उदाहरणापुरते सोपे आकडे घेतो.

नवी बॅटरी: ईएमएफ (धारा वाहत नसतानाचा बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेज) १२.६ व्होल्ट, अंतर्गत रोध ०.०२ ओहम. जुनी: ईएमएफ १२.० व्होल्ट, अंतर्गत रोध ०.०४ ओहम. अधिक टोक अधिकला, उणे उणेला. बाहेर काहीच लोड नाही, दिवा नाही, पंखा नाही. तरी लूप तयार झालाच.

लूपभर फिरा: १२.६ − ०.०२ × धारा − ०.०४ × धारा − १२.० = ०. धारा = ०.६ भागिले ०.०६ = १० अँपिअर. घरात एकही बटण चालू नसताना नव्या बॅटरीतून जुनीत १० अँपिअर वाहतायत.

आता टोकांवरचा व्होल्टेज. नवीकडून बघा: १२.६ − १० × ०.०२ = १२.४. जुनीकडून बघा: १२.० + १० × ०.०४ = १२.४. तुमच्या मीटरला दोन्हीकडे १२.४ च दिसणार, कारण दोन्हींची टोकं म्हणजे तेच दोन बिंदू, अ आणि ब. आतला ०.६ चा फरक अंतर्गत रोधांमध्ये वाटून गेला. जुनी जसजशी चार्ज होईल तसा हा आकडा कमी होत जाईल, पण जिची एखादी सेल बसलीय ती कधी पूर्ण वर येतच नाही आणि नवीला ओढत राहते.

---

बॅटरीवाला_कराड | शनिवार, रात्री १०:२०

सर, डोक्यात प्रकाश पडला. म्हणून मी केबल सोडवून, थोडा वेळ ठेवून मग मोजतो. सहा सेलची चांगली, पूर्ण भरलेली बॅटरी आराम दिल्यावर १२.६-१२.७ दाखवते. जिची एक सेल गेली ती साडेदहाच्या आसपास येऊन बसते. आता कारणासकट सांगता येईल.

केबल न सोडवता धारा बघायची असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. बाजारातले बरेचसे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या. आणि केबल सोडवताना उणे टोक आधी. पाना कुठे टेकला तरी ठिणगी नको.

---

खडू_फळा | रविवार, सकाळी ७:३०

त्यावरून एक जोड. मीटर लावून ईएमएफ मोजायचा तर मीटरही थोडी धारा खातोच. एकही धारा न घेता मोजायची युक्ती शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये काढली आणि आपल्या प्रयोगशाळेत ती अजून आहे: पोटेन्शिओमीटर. लांब तार, तिच्यावर हव्या त्या जागी टेकवायची जॉकी (धातूचं टोक). अनोळखी घटाचा व्होल्टेज तारेवरच्या व्होल्टेजशी बरोबर तोलला गेला की गॅल्व्हानोमीटरचा (अगदी बारीक धारा दाखवणाऱ्या मीटरचा) काटा शून्यावर येतो आणि घटातून धारा वाहतच नाही. मग अंतर्गत रोध कितीही असो, त्याच्यावर काही सांडत नाही. दोन घटांच्या ईएमएफचं गुणोत्तर म्हणजे तारेच्या दोन लांबींचं गुणोत्तर. मात्र इथेही वरचीच अट: एक घट ओळखीचा हवा. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वेस्टन घट ठेवत असत, २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट.

तुमच्या लेकीला या प्रयोगात जॉकी तारेवर घासू नको म्हणावं. उचलून टेकवायची. घासली की तार झिजते आणि सगळ्या लांब्या बिघडतात.

---

तांब्याची_तार | रविवार, रात्री ९:१५

मंडळी, आज दुकान बंद. आम्ही दोघांनी टेबलावर ते चित्रच बांधलं.

२ अँपिअरच्या भानगडीत पडलो नाही. डावीकडे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १ किलोओहम (भुरा-काळा-लाल). मधे एक पेन्सिल सेल, मुद्दाम उलटा, आणि ४७० ओहम (पिवळा-जांभळा-भुरा). उजवीकडे दोन पेन्सिल सेल एकापुढे एक आणि २.२ किलोओहम (तीनही पट्टे लाल). वायरी घट्ट बसाव्यात म्हणून मी टोकं डागली. सेल मी कागदात गुंडाळले. किती व्होल्टचे, कुठलं टोक कुठे, हे तिला दिसू दिलं नाही.

धारा मोजायला अँमीटर लावणार होतो, पण मीटर शाखेत घातला की त्याचाही रोध वाढतो आणि जे मोजायचं तेच बदलतं. म्हणून प्रत्येक रोधावरचा व्होल्टेज मोजला. १ किलोवर ७.१६ व्होल्ट, ४७० वर ३.६२, २.२ किलोवर १.०८. अ आणि ब मध्ये २.०४.

तिनं भागाकार केले. डावी ७.१६ मिलिअँपिअर वर, उजवी ०.४९ वर, बेरीज ७.६५. मधली खाली ७.७०. जुळेना! ०.०५ चा फरक. ती म्हणाली, "बाबा, पहिला नियमच चुकतोय." मी वायरी तपासल्या, सगळ्या घट्ट. मग तिचं लक्ष रोधावरच्या सोनेरी पट्ट्याकडे गेलं. सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. एकेक रोध सुटा करून मोजला: ९८५, ४६६ आणि २१८० ओहम. पुन्हा भागाकार: ७.२६९ आणि ०.४९५, बेरीज ७.७६४. मधली ७.७६८. आमच्या साध्या मीटरला यापेक्षा जास्त मागता येणार नाही.

मग बॅटऱ्या. डावी: २.०४ + ७.१६ = ९.२०. उजवी: २.०४ + १.०८ = ३.१२. मधली: २.०४ − ३.६२ = −१.५८. तिनं आकडा लिहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मधला सेल उलटा घातलायत."

कागद सोडून मोजलं: ९.२१, १.५८, ३.१२.

---

खडू_फळा | रविवार, रात्री ९:४०

तिचा तो ०.०५ चा शोध मला ९.२० पेक्षा मोठा वाटतो. नियमावर शंका घेतली, मग वायरीवर, मग रोधावर, आणि प्रत्येक शंका मोजून मिटवली. प्रॅक्टिकलच्या वहीत ते दोन्ही भागाकार ठेवायला सांगा, आधीचा चुकलेलाही. खोडू नका.

---

बारावी_अ | रविवार, रात्री १०:०५

काका, तुमच्या सर्किटचे आकडे वापरून मी उलटं गणित केलं. ९.२०, −१.५८, ३.१२ आणि मोजलेले रोध घेऊन अ-ब मधला व्होल्टेज काढला, २.०३९ आला. तुमचा मीटर २.०४ म्हणतोय. मला एक सांगा, तिनं ९ व्होल्टच्या शाखेत नुसता १ किलोचा रोध धरताना बॅटरीचा अंतर्गत रोध सोडून दिला ना? मग तरी कसं जुळलं?

---

तांब्याची_तार | रविवार, रात्री १०:३०

तिला विचारलं. ती म्हणते बॅटरीचा अंतर्गत रोध काही ओहम धरला तरी ९८५ पुढे तो फार लहान आहे. सात मिलिअँपिअरला दोन ओहमवर ०.०१४ व्होल्ट पडतात, आणि कागद सोडून मोजल्यावर ९.२० ऐवजी ९.२१ आला तो बहुतेक तोच. उद्या १ किलोच्या जागी १०० ओहम घालून बघणार आहे, म्हणजे तो रोध आकड्यात पकडता येईल. तुलाही करायचं असेल तर दोघींनी आपापले आकडे इथेच टाका.